कंबरेचं बाळंतपण

डिसेंबर १९८२, रविवार. काम: डिंक तळणे.

डिंक तळताना तूप बेताचं तापलेलं असावं लागतं. जास्त तापलं तर खडा वरून करपतो, आत कच्चा राहतो आणि लाडू खाताना दाताला चिकटतो. थोडा थोडा टाकायचा, फुलला की झाऱ्याने काढायचा. हे खरं तर पाटावर बसून करायचं काम. मी उभ्याने करत होते, कारण बसले असते तर उठवलं नसतं. स्टोव्ह लोखंडी ट्रंकेवर ठेवला होता आणि कढई हाताशी आली होती. बेळगावच्या खासबागेतली एक खोली, मागे मोरी, शेजारी मागांचा खटखटाट. रविवारी माग बंद असत, त्यामुळे डिंक फुटल्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

कंबर दुखायला लागून दीडएक वर्ष झालं होतं. पडले नाही, आपटले नाही, काही नाही. वकिलांच्या ऑफिसात टायपिंग करता करता कधीतरी सुरू झालं आणि राहिलं. सकाळी उठताना सगळ्यात वाईट. डॉक्टरांनी फोटो काढला, गोळ्या दिल्या, फळीवर झोपा म्हणाले, वजन उचलू नका म्हणाले. फळीवर मी आधीपासूनच झोपत होते. गोळ्यांनी पोटात आग पडायला लागली, तेव्हा डॉक्टरांना विचारून त्या कमी केल्या. पाणी मात्र मलाच भरायचं होतं, त्यावर डॉक्टरांकडे औषध नव्हतं.

त्या दिवाळीत निपाणीला भावाकडे गेले. भाऊबीजेला त्याला ओवाळायला वाकले आणि तशीच राहिले. हातात ताट, निरांजन पेटलेलं, मला वरही होता येईना आणि खालीही बसता येईना. अण्णाने पाटावरून उठून माझ्या हातातलं ताट काढून घेतलं.

‘बास झालं आता,’ तो म्हणाला. ‘कुणासाठी मरायलीस तिथं? वरची खोली रिकामी हाय. तंबाखूची पोती काढतो, चुना मारतो. ये हिकडं.’

‘दोन भाकऱ्या ज्यास्त, त्येचं काय एवढं,’ वहिनी म्हणाली.

दोघंही मनापासून बोलत होती. वरच्या खोलीचा मला राग नव्हता. पण तसल्या खोलीत गेलेली बाई खाली येते ती शेंगा फोडायला आणि दुपारी दार उघडायला. माझं लग्न झालं नाही, ते का झालं नाही ही वेगळी हकिकत आहे आणि फारशी रंजक नाही. माझ्याजवळ होतं ते हेच: बेळगावातलं काम आणि माझी स्वतःची किल्ली असलेली खोली. कंबर दोन्ही घेऊन जायला निघाली होती.

‘संक्रांतीपतोर थांब,’ मी म्हटलं. ‘तवर नीट ऊठबस जमली न्हाय तर येतो.’ आमच्याकडे बायकाही ‘येतो’च म्हणतात.

‘ठरलं,’ अण्णा म्हणाला. ‘संक्रांत झाली की टेम्पो घिऊन येतो.’

बेळगावला परत येताना बसमध्ये उभी राहून मी विचार केला, की आमच्या घरात बाईच्या कंबरेकडे कुणी कधी लक्ष दिलं होतं? आई तंबाखूच्या वखारीत दिवसभर उकिडवी बसून काड्या वेचायची. तेव्हा तिला कुणी काही विचारत नव्हतं. पण बाळंतपणाच्या सव्वा महिन्यात सगळं घर तिच्या कंबरेभोवती फिरायचं. शेक, तेल, डिंक, हुलगे, पट्टा. म्हणजे कंबरेचं जे काही औषध आमच्या लोकांना ठाऊक होतं ते बाळंतिणीच्या खोलीत होतं. मग ते तिथून उचलायचं, एवढंच. बाळंतीण नसली म्हणून कंबरेला काय कळतंय.

खडेबाजारातल्या काष्ठौषधीच्या दुकानात गेले आणि सामान सांगितलं: डिंक, खारीक, मेथ्या, सुंठ, ओवा, बाळंतशेपा.

‘पयली का दुसरी, आक्का?’ दुकानदाराने पुड्या बांधता बांधता विचारलं.

‘पयली काय?’

‘खेप वो.’

‘तसलं काय न्हाय. कंबरंला पायजे.’

‘व्हय, कंबर तर जातीच की त्यात. लेकीची का सुनंची?’

‘माजी.’

त्याने माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, मग गळ्याकडे पाहिलं, आणि उरलेल्या पुड्या दोऱ्यावरची नजर न हलवता बांधल्या.

पथ्य मी कडक केलं. सकाळी हुलग्याचं माडगं: भाजलेल्या हुलग्यांचं पीठ पाण्यात शिजवायचं, त्यात ठेचलेला लसूण, जिरं, मीठ. पातळच ठेवायचं आणि गरम प्यायचं. त्यावर एक डिंकाचा लाडू. दुपारच्या डब्यात ज्वारीची भाकरी, मेथी नाहीतर शेवग्याचा पाला, जवसाची चटणी. रात्री हळद घातलेलं दूध. वातूळ म्हणून पावटा, वांगं, बटाटा, हरभऱ्याची डाळ बंद. थंडीत बेळगावात पावटा बंद करणं म्हणजे काय ते बेळगावकरांनाच कळेल. गल्लीतल्या प्रत्येक घरातून पावट्याच्या आमटीचा वास यायचा आणि मी भाकरीवर तेल घालून घ्यायची.

एकट्या माणसाला पथ्य सोपं, असं लोकांना वाटतं. घरात दुसरं काही शिजतच नाही, मोह कसला? ते खरं आहे. पण मोडलं तर रागावणारं कुणी नसतं आणि पाळलं तर विचारणारंही नसतं. भाकरी थापताना मी कधीकधी मोठ्याने म्हणायची, ‘आज वांगं घेतलं नाही हं.’ मग आपलाच आवाज ऐकून गप्प बसायची.

खाण्याचं जमलं. अडलं ते बाहेरून करायच्या उपायांत. ते सगळे दोन माणसांचे असतात. तेल कोमट करून चोळावं, म्हणजे दुसऱ्याने चोळावं. निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून कंबरेला बांधावा, म्हणजे कुणीतरी बांधावा. पाठ ही अशी जागा आहे की तिथे आपला हात पोचत नाही आणि डोळाही पोचत नाही. पाला मी तव्यावरून फळीवर पसरला आणि त्यावर निजले. पट्ट्याची युक्ती मला फेटा बांधणाऱ्यांवरून सुचली. जुन्या सुती लुगड्याची लांब पट्टी फाडली, एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं, दुसरं कंबरेला लावून धरलं आणि स्वतःभोवती गिरक्या घेत खिडकीपर्यंत गेले. घट्ट बसला. त्या वेळी कुणी पाहिलं असतं तर वेड लागलं म्हणालं असतं. पण पाहणार कोण?

शेकासाठी सुंभाची बाज आणली. तिच्याखाली शेगडी ठेवून निखाऱ्यावर ओवा, बाळंतशेपा आणि लसणाची सालं टाकायची. वर उताणं निजलं की ऊब थेट माकडहाडापर्यंत जाते. धूर कोंडू नये म्हणून दार सताड उघडं ठेवायची. या दाराने पुढे घोटाळा केला.

राहिलं तेल. हात वळवून, पळीने, भिंतीला पाठ घासून, सगळं करून पाहिलं. शेवटी गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या म्हातारीकडे गेले. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला ती घरोघर जायची.

‘पोरगं किती दिवसाचं?’ तिने तपकीर ओढत विचारलं.

‘पोरगं न्हाय. नुसती कंबर हाय.’

‘आँ?’

‘कंबर. माजी. चोळून पायजे.’

‘आणि न्हाऊ कुणाला घालू?’

‘मलाच.’

तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. ‘चल,’ म्हणाली, ‘पोरगं न्हाय तर रडणारं एक कमी.’

सकाळी माझ्या ऑफिसाच्या आधी ती यायची. पहिल्या दिवशी मी पालथी निजले, तिने तेलाचा हात पाठीवर ठेवला आणि माझं अंग ताठ झालं.

‘अंग सोड की गं.’

‘सोडलंय.’

‘ह्याला सोडलं म्हणत्यात? दाराची फळी चोळायलोय का काय मी?’

सोडायचं कसं ते मला आठवेना. बसच्या गर्दीत धक्के लागतात तेवढेच, त्यापलीकडे कुणाचा हात अंगाला लागायची सवय गेली होती. तिचे हात खरखरीत होते आणि ती सारखी बोलायची, या घरची सासू त्या घरची सून. तिच्या बडबडीकडे लक्ष गेलं की पाठ आपोआप सैल पडायची. पाणी घालून झाल्यावर वाटीत थोडं तेल उरलं. बाळाची टाळू भरायची तिच्या हाताला सवय. तिने ते सगळं माझ्या टाळूवर ओतलं आणि तळव्याने थापटलं.

‘अगं, मला ऑफिसला जायचंय!’

‘वाया कशाला घालवायचं?’ ती म्हणाली. मी तशीच चप्प केसांनी ऑफिसला गेले.

असं चाललं होतं. ठणका कमी होत होता. सकाळी कुशीवर वळून, हात टेकून उठलं की उठता येत होतं. घरमालकीण भिंतीपलीकडे राहायची, घरात कानडी बोलायची आणि माझ्याशी दोन्ही मिसळून. एकदा ती दारात येऊन उभी राहिली. आत शेगडी धुमसत होती.

‘बाई, आता कसं हाय?’ तिने आवाज खाली करून विचारलं.

‘बरं हाय. रातीचं झोप न्हाय अजून.’

‘पयल्यांदा तसंच. खायला घालताय न्हवं?’

‘माडगं, लाडू. पथ्य कडक हाय.’

‘ब्येस. किती दिवस ठेवणार हितं?’

मला वाटलं, ती बाजेचं आणि शेगडीचं विचारते आहे. ‘संक्रांतीपतोर,’ मी म्हटलं. ‘मग काय ते ठरंल. न्हायतर भाऊ येऊन निपाणीला नेणार.’

‘अय्य, पाप,’ ती हळहळली आणि गेली. कानडीत ते पाप म्हणजे बिचारी, हे मला ठाऊक होतं. बरंच वाटलं.

त्यानंतर माझ्या दारात कधी नव्हती अशी वर्दळ सुरू झाली. कुणी गव्हाची खीर आणली, कुणी लसणाची चटणी, कुणी शेवग्याचा पाला निवडून दिला. उंबऱ्याच्या बाहेर वाटी ठेवायच्या, मान लांब करून आत बघायच्या, ‘जपा हं’ म्हणायच्या आणि जायच्या. आत या म्हटलं तर एकही येईना. मला वाटलं, ऑफिसातली बाई म्हणून संकोचतात. इतकी वर्षं या गल्लीत राहून कुणाच्या घरी माझं जाणंयेणं नव्हतं, आणि आता माझ्या कंबरेसाठी लोक वाट्या घेऊन येत होते. संध्याकाळी ऑफिसातून येताना पावलं जरा लवकर पडायची. दार उघडून ठेवलं की कोण येईल असं मनात यायचं. केस विंचरून बसायची.

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी दुपारी दारात अण्णा उभा. मागे वहिनी, तिच्या काखेत गाठोडं.

‘ये की आत,’ मी म्हटलं.

‘आदी सांग, किती दिवस झालं?’ तो पायरीवरूनच म्हणाला.

‘कशाला?’

‘म्हंजे मी आत येऊ का नको? सुवेर धरायचं असंल तर तसं सांग.’

‘सुवेर? कुणाचं?’

‘त्येच इचारायलोय!’

वहिनी त्याला ओलांडून आत आली होती. तिने बाजेखाली पाहिलं, शेगडी होती. मोरीचा पडदा सारला, बादली होती. तिने खोलीभर नजर फिरवली.

‘हितं तर कोनच न्हाय वो,’ ती म्हणाली.

मग एकेक कळलं. तंबाखूच्या कामाने बेळगावला येणाऱ्या कुणीतरी निपाणीत सांगितलं होतं, की खासबागेत तुझ्या बहिणीच्या खोलीत बाळंतीण आहे, रोज धुरी असते, न्हाऊ घालणारी येते, कोण ते माहीत नाही, दार उघडं पण माणूस दिसत नाही. मी अण्णाला डिंक, शेगडी, म्हातारी सगळं सांगितलं. तो ऐकत होता. ‘नुसती कंबर’ म्हटल्यावर तो पायरीवर बसला आणि खोकला लागेपर्यंत हसला.

‘मी म्हटलं हिनं ह्या वयात काय दिवा लावला!’

‘अगंबाई, गप बसा वो,’ वहिनी पदर तोंडावर धरून म्हणाली, पण तीही गदगदत होती. तिने गाठोडं सोडलं. जुन्या लुगड्यांचे धुऊन मऊ केलेले तुकडे, एक कुंची, एक दुपटं. कुणाचं मूल, कसं झालं, काही न विचारता ती हे घेऊन बसमध्ये बसली होती. तिने कुंची परत गाठोड्यात ठेवली आणि मऊ तुकडे माझ्याकडे सरकवले. ‘ह्ये राहू दे. पट्ट्याला हुतील.’

मी चहा केला. चहा पिऊन अण्णाने कपबशी खाली ठेवली.

‘आता कंबरंचं सांग. झाली का बरी?’

‘बरी हाय.’

‘बस बघू पाटावर. आणि ऊठ.’

मी बसले. उठताना गुडघ्यावर हात रोवला, अर्ध्यात थांबले, मग उठले. दोघांनी ते थांबणं पाहिलं.

‘अर्धीच झालीया,’ अण्णा म्हणाला.

‘अर्धी बास हाय.’

‘आणि उद्या हितं एकटी पडलीस म्हंजे? दार आतनं लावलेलं. कोन बघणार?’

‘दार उघडं ठेवतो.’

‘चेष्टा करू नको. तिथं मानसं हायत गं.’

त्याचं खरं होतं. तिथे माणसं होती आणि इथे कुणी नव्हतं, हे मी त्याच्यापेक्षा चांगलं जाणत होते.

‘अण्णा,’ मी म्हटलं, ‘तिथं आलो तर मी दुखणंकरी. दारात येणाऱ्या परत्येकाला तू सांगणार, हिची कंबर गेली म्हणून हिला आणली. हितं मी टायपिस्ट हाय. कंबर दुखती, पण टायपिस्ट हाय.’

तो वहिनीकडे बघायला लागला.

‘ऱ्हाऊ द्या तिला,’ वहिनी म्हणाली. ‘पावटा न्हाय, वांगं न्हाय, डाळ न्हाय. हिचं पथ्य मी कुठं सांभाळत बसू तिथं?’ ती हे हसत म्हणाली, पण तिने माझी बाजू घेतली होती हे आम्हा तिघांनाही कळलं.

‘टेम्पोवाल्याला सांगून बसलोय मी,’ अण्णा पुटपुटला.

‘तंबाखू भर त्यात.’

उठताना त्याने पाण्याच्या घागरीकडे पाहिलं, ती उचलली, नळावरून भरून आणली आणि ठेवली. मग बस चुकेल म्हणून दोघं निघाली. कोपऱ्यावर वळेपर्यंत मी दारात होते.

संध्याकाळी साऱ्या वाट्या घासल्या. रिकामी वाटी परत द्यायची नसते म्हणून प्रत्येकीत एकेक डिंकाचा लाडू घातला आणि घरोघर जाऊन दिल्या. अण्णाचं हसणं भिंतीपलीकडे गेलं असणारच. घरमालकिणीने लाडू हातात घेऊन विचारलं, ‘म्हंजे बाणंती न्हवतीच?’

‘न्हवती.’

‘मग आमची खीर कुणी खाल्ली?’

‘मी.’

‘अय्य!’ ती म्हणाली. तिला हसावं की रागवावं ते कळेना. शेवटी हसली. ‘मग नुसती कंबर दुखती म्हणून कुणी खीर करतंय व्हय?’

ती चेष्टेने म्हणाली आणि त्यात खोटं काही नव्हतं. गल्लीतल्या निम्म्या बायकांची कंबर दुखत असणार. एकीने तर मला दारातच स्वतःची कुठे दुखते ते दाखवलं आणि म्हणाली, ‘आम्हाला कुठलं डिंक नि फिंक.’ मी तिला सांगितलं, डिंक नाही तर हुलगे घे, ते स्वस्त असतात.

घरी येऊन दार उघडं ठेवलं. शेगडी पेटवली, ओवा टाकला, बाजेवर निजले. गल्लीतून पावलं जात होती, थांबत नव्हती. बातमी फिरली होती. खोलीत फक्त कंबर आहे म्हटल्यावर बघण्यासारखं काय होतं? निखारे विझत आले तसं उठून दार लावून घेतलं. कडी घालताना अण्णाचं बोलणं आठवलं, तरीही घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी आली नाही. खरी बाळंतीण लागली होती कुठेतरी. मी कुशीवर वळून उठले, माडगं केलं, प्याले आणि ऑफिसला नेहमीपेक्षा लवकर गेले. वकीलसाहेब एकटेच बसून फाइल चाळत होते. दिवाळीनंतर मी त्यांना सांगून ठेवलं होतं, की संक्रांतीनंतर कदाचित काम सोडावं लागेल, दुसरं कुणी बघून ठेवा.

‘साहेब,’ मी म्हटलं, ‘मी जात नाही. राहते.’

त्यांनी चष्म्यावरून वर पाहिलं. ‘कुठे जाणार होता तुम्ही?’

‘निपाणीला.’

‘हो का. बरं. तो शनिवारचा अर्ज तेवढा आधी घ्या, अकराला कोर्टात लागणार आहे.’

मी स्टुलावर बसले, कागद घातला, कार्बन घातला, खाली दुसरा कागद घातला आणि अर्ज टाइप करायला लागले.